राजे, कोळसा आणि सर्व्हर: सँ-दनीची गोष्ट

ह्या विकांताला जरा इतिहास. कोडबिड काही नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, कारण सुरुवात एका डेटाबेसपासूनच झाली.

काही वर्षांपूर्वी ऑनसाईट म्हणून पॅरिसला होतो. एका शनिवारी रात्री आमचा सगळा डेटा एका डेटा सेंटरमधून दुसऱ्यात हलवायचा होता. टीममधल्या फ्रेंच सहकाऱ्याला विचारलं, "हे नवीन सेंटर आहे कुठे?" तो म्हणाला, "सँ-दनीला, स्टेडियमजवळ. टॅक्सीने जा, टॅक्सीने ये. बघण्यासारखं तिथे काही नाहीये."

गेलो. गार द्यु नॉर स्टेशनवरून लोकलने पाच-सात मिनिटांचं अंतर. (टॅक्सी नाही केली. मराठी माणूस!) एकही खिडकी नसलेली करड्या रंगाची अवाढव्य इमारत, भोवती कुंपण, आणि शेजारी जुन्या विटांची एक लांबलचक भिंत. रात्रभर त्या इमारतीत आम्ही मोजून पाच माणसं असू: मी, दोन तंत्रज्ञ आणि दोन सुरक्षारक्षक. पहाटे डेटा कॉपी होत असताना कॉफी प्यायला बाहेर आलो तर एक रक्षक तिथेच उभा होता. माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, ती भिंत कसली? तो म्हणाला, "कारखाना होता. माझे वडील तिथे कामाला होते." काय बनायचं तिथे? त्याने खांदे उडवले. "लोखंडाचं काहीतरी. घरी कधी बोलले नाहीत."

ते वाक्य डोक्यात राहिलं. काम सकाळी संपलं. झोप उडालीच होती, म्हणून टॅक्सी, लोकल काहीच न घेता कालव्याच्या काठाकाठाने उत्तरेला चालत सुटलो. स्टेडियम मागे टाकलं, आणखी थोडं चाललो आणि समोर बघतो तर एकच मनोरा असलेलं मोठं चर्च. रविवारची प्रार्थना चालू होती, म्हणून आत फिरता आलं नाही. पण दाराजवळच्या पाटीवर नावं वाचली आणि चाट पडलो. जवळजवळ सगळ्या फ्रान्सचे राजे इथे पुरलेत. आणि म्हणे बघण्यासारखं काही नाही!

पुढच्या शनिवारी मुद्दाम परत गेलो. मग वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते हे.

आधी संत, मग राजे

सँ-दनी म्हणजे संत दनी, पॅरिसचा पहिला बिशप. तिसऱ्या शतकात रोमनांनी त्याचा शिरच्छेद केला. आख्यायिका अशी की ह्या बाबाने स्वतःचं तुटलेलं डोकं हातात घेतलं आणि पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरून उत्तरेला चालत चालत इथवर आला. पाचव्या शतकात त्याच्या थडग्यावर देऊळ उभं राहिलं, पुढे मठ झाला. ६३९ मध्ये दागोबेर नावाचा राजा इथे पुरला गेला आणि पायंडा पडला. राज्य पॅरिसमधून करायचं आणि मेल्यावर वेशीबाहेर सँ-दनीला यायचं. चाळीसहून अधिक राजे आणि तीसेक राण्या इथे आल्या.

बाराव्या शतकात स्युजेर नावाचा खटपट्या मठाधिपती होऊन गेला. त्याने चर्च नव्याने बांधायला घेतलं. ११४४ मध्ये गाभाऱ्यामागचा भाग पुरा झाला: टोकदार कमानी, बारीक खांब आणि भिंतींच्या जागी रंगीत काचा. आज ज्याला आपण गॉथिक शैली म्हणतो तिची सुरुवात इथली मानतात. आपलं सीएसएमटी स्टेशन ज्या शैलीच्या व्हिक्टोरियन अवताराचं आहे, तिचं हे माहेर म्हणा ना.

आत सत्तरेक दगडी पुतळे आहेत. बहुतेक आडवे, हात जोडून झोपलेले, पायाशी कुत्रा नाहीतर सिंह. प्रत्येकाचं नाव लिहिलेलं.

पण खरी गंमत पुढे आहे. १७९३ मध्ये क्रांतीच्या सरकारने ठरवलं की ही थडगी फोडायची. ऑक्टोबरमध्ये एकेक राजा उकरून काढला. चौथ्या आन्रीचा देह इतका शाबूत निघाला की तो लोकांना बघायला ठेवला होता. मग सगळे एकजात चर्चशेजारच्या खड्ड्यांत, वरून चुना. शिशाच्या शवपेट्या वितळवल्या. लढाई चालू होती, शिसं हवंच होतं. पुतळे वाचले ते आलेक्सांद्र लन्वार नावाच्या गृहस्थामुळे, त्याने ते पॅरिसला नेऊन संग्रहालयात ठेवले. पुढे राजेशाही परत आल्यावर १८१७ मध्ये खड्डे उकरले तेव्हा कोणतं हाड कोणाचं, काही कळेना. शेवटी सगळी हाडं एकत्र करून तळघरात ठेवली. म्हणजे वर पुतळे नावानिशी, खाली सगळे एकात एक मिसळलेले.

तरीही लक्षात घ्या: १७९३ च्या त्या दिवसांत रोज कोणाचं थडगं उघडलं, आत काय सापडलं, ह्याची तारीखवार नोंद आहे. राजांना खड्ड्यात फेकतानासुद्धा कोणीतरी बाजूला बसून लिहून ठेवत होतं.

छिटाचं कापड आणि जकात नाका

सँ-दनी नुसतं राजांवर जगत नव्हतं. मध्ययुगात इथे दर जूनमध्ये लाँदीची मोठी जत्रा भरायची, पॅरिस विद्यापीठाची मंडळी वर्षाचं चर्मपत्र घ्यायला तिथे यायची. गावातून छोट्या नद्या वाहायच्या. पाणी आलं की चामडी कमावणारे आले, रंगारी आले. अठराव्या शतकात इथे एक नवा धंदा आला, सुती कापडावर छपाई. ह्या कापडाचं फ्रेंच नाव 'अँदिएन', म्हणजे सरळ सरळ 'हिंदुस्थानी'! आपल्याकडच्या छिटाची तिकडे इतकी क्रेझ होती की स्वतःचे रेशीम-लोकर वाले वाचवायला फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली. बंदी १७५९ मध्ये उठली आणि मग त्यांनी नक्कल करायचे कारखाने काढले. त्यातले काही सँ-दनीत होते. त्या नद्या आता दिसत नाहीत, जमिनीखालून गटारांसारख्या वाहतात.

पण खरा कायापालट केला तो कोळशाने आणि जकातीने. १८२१ मध्ये सँ-दनीचा कालवा सुरू झाला, साधारण साडेसहा किलोमीटरचा, पॅरिसच्या ला व्हिलेतपासून सेन नदीपर्यंत. १८४६ मध्ये उत्तरेकडची रेल्वे आली. उत्तर फ्रान्स आणि बेल्जियममधला कोळसा थेट दारात.

आता जकातीचं. आपण 'ऑक्ट्रॉय' म्हणायचो ना, तो शब्द मूळचा फ्रेंचच. मुलुंड, दहिसरला ट्रकच्या रांगा लावणारा तो प्रकार पॅरिसमध्ये शतकानुशतकं होता. (मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली, पॅरिसची १९४३ मध्ये.) पॅरिसच्या हद्दीत दारू, कोळसा, बांधकामाचं सामान, जनावरांचा चारा काहीही आणा, नाक्यावर पैसे मोजा. १८६० मध्ये पॅरिसची हद्द वाढली आणि आजूबाजूची गावं शहरात आली. तिथल्या कारखानदारांना काही वर्षांची सवलत मिळाली, पण पुढचं दिसत होतं: कोळशाच्या प्रत्येक गाडीवर जकात. जागाही महाग झालेली. मग काय, नवीन हद्द संपते तिथेच, लगेच पलीकडे, सपाट मोकळं मैदान पडलेलं होतं. नावच 'ला प्लेन', म्हणजे मैदान. पॅरिस आणि सँ-दनीच्या मधलं. कारखाने तिथे उतरले.

आणि दुसरं कारण म्हणजे वास. १८१० पासून फ्रान्समध्ये घाण, धूर, स्फोटाचा धोका असलेल्या उद्योगांना परवाना लागायचा आणि सगळ्यात त्रासदायक वर्गातले उद्योग वस्तीपासून लांब ठेवायचे असा नियम होता. कोणाच्या वस्तीपासून लांब, हा प्रश्न मैदानात राहणाऱ्यांना कोणी विचारला नाही.

फ्रान्सचं मँचेस्टर

पुढची यादी वाचताना दमायला होतं. रासायनिक कारखाने, काचेचे कारखाने, बॉयलर, ओतकाम. क्रिस्तोफ्ल कंपनीचा चांदीचा मुलामा दिलेल्या काट्या-चमच्यांचा कारखाना. प्लेयेलचा पियानो कारखाना १८६५ च्या सुमारास आला, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालला. आजही त्या चौकाला प्लेयेलच म्हणतात. गाड्या बनवणारी हॉचकिस. १८८९ मध्ये लाँदीला गॅसचा प्रचंड कारखाना सुरू झाला, तेव्हाच्या युरोपातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवायचा, निघणारा वायू टाक्यांत साठवायचा आणि नळाने पॅरिसला पाठवायचा. 'प्रकाशाचं शहर' म्हणून जे कौतुक होतं, त्या दिव्यांचा आणि चुलींचा गॅस असा यायचा. गॅस पॅरिसला जायचा. डांबर, अमोनिया आणि काजळी इथेच राहायची, जमिनीत मुरायची.

शतकाच्या सुरुवातीला काही हजार वस्तीचं गाव १९०० पर्यंत साठ हजारांच्या घरात गेलं. 'फ्रान्सचं मँचेस्टर' म्हणायला लागले. (मँचेस्टरची उपमा कोणाकोणाला लावली गेली ह्यावर एक स्वतंत्र लेख होईल. अहमदाबाद झालं, इचलकरंजी झालं...)

माणसं कुठून आली? आधी ब्रिटनी प्रांतातून, ज्यांना धड फ्रेंचही येत नव्हतं. मग इटालियन. १९०० च्या आसपास ला प्लेनच्या काच कारखान्यात दक्षिण इटलीतून आणलेली लहान मुलं भट्टीसमोर काम करत होती, त्यावरून मोठा गदारोळही झाला. मग स्पॅनिश लोक. त्यांची 'छोटा स्पेन' नावाची अख्खी वस्ती झाली, १९२३ मध्ये त्यांचं स्वतःचं चर्चही. दुसऱ्या महायुद्धानंतर अल्जीरियन, पोर्तुगीज. १९६० च्या दशकात कालव्यापलीकडे फ्राँ-म्वाझँ भागात हजारो लोकांची झोपडपट्टी होती. पत्रे, चिखल, पाण्यासाठी रांगा. पॅरिसच्या वेशीवर, आयफेल टॉवर बांधून सत्तरेक वर्षं झाल्यावरही. ती हटवून १९७० च्या दशकात उंच इमारती बांधल्या.

राजांच्या थडग्यांचं गाव राजकारणात लालेलाल झालं. १९४४ पासून २०२० पर्यंत सलग कम्युनिस्ट महापौर. त्याआधी १९३१ मध्ये महापौर झालेला झाक दोरियो मात्र नमुना निघाला: कम्युनिस्ट म्हणून निवडून आला, १९३४ मध्ये पक्षाने काढला, १९३६ मध्ये ह्याच गावात स्वतःचा फॅसिस्ट पक्ष काढला आणि युद्धात नाझींच्या बाजूने गेला. कामगारांचं गाव म्हणजे आपोआप पुरोगामी, असं काही नसतं.

बंद, आणि मग फुटबॉल

१९५५ पासून फ्रेंच सरकारने पॅरिस परिसरात कारखाने वाढवायला परवानगीची अट घातली, उद्योग बाकीच्या प्रांतांत जावेत म्हणून. त्यात यंत्रं बदलली, कोळशाच्या गॅसची जागा नैसर्गिक वायूने घेतली, जमिनीचे भाव बदलले. १९६० ते १९८० च्या दशकांत एकामागून एक दारं बंद झाली. शेकडो हेक्टर जमीन ओस. आपल्याकडे १९८२ च्या संपाची तारीख सांगता येते. इथे अशी एक तारीख नाही, हळूहळू भोंगे वाजायचे थांबले. त्या रक्षकाचे वडील त्यातच कधीतरी घरी बसले असणार.

त्याच सुमारास, १९६० च्या दशकाच्या मध्यावर, पॅरिसहून उत्तरेला जाणारा ए-१ महामार्ग ला प्लेनच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध खंदक खणून काढला. दोन्ही बाजूंना घरं आणि मधून रात्रंदिवस गाड्या. वस्तीचे दोन तुकडे. लोक तीस वर्षं त्यावर छप्पर घाला म्हणत होते. घातलं कधी? १९९८ मध्ये. कारण त्या वर्षी फुटबॉलचा विश्वचषक होता आणि स्टेडियमच्या बदल्यात नगरपालिकेने ते पदरात पाडून घेतलं. आता त्या छपरावर बाग आहे.

स्टेडियम म्हणजे स्ताद द फ्रान्स, ८० हजार क्षमतेचं. जागा कोणती? गॅस कारखान्याची. १२ जुलै १९९८ ला झिदानने ब्राझीलला दोन हेडर मारले ते ज्या हिरवळीवर, तिच्याखालची माती आधी डांबर आणि रसायनांपासून साफ करावी लागली होती. जुनं वीज केंद्र २०१२ मध्ये चित्रपटांचा स्टुडिओ झालं, २०२४ मध्ये ऑलिंपिक खेळाडूंचं जेवणघर. त्याच उन्हाळ्यात मेट्रोची १४ नंबरची लाईन प्लेयेलपर्यंत आली, नवं कोरं स्टेशन मिळालं. पण त्याच प्लेयेलला महामार्गाची नवी वळणं एका शाळेला खेटून काढली. मुलांच्या फुफ्फुसांचं काय, म्हणून पालक कोर्टात गेले, वळणं झालीच.

म्हणजे सुधारणा होते, नाही असं नाही. पण पॅरिसला काही हवं असतं तेव्हा होते.

आणि आम्ही

आता परत त्या करड्या इमारतीकडे. पॅरिस परिसरातली कितीतरी डेटा सेंटर्स ह्याच पट्ट्यात आहेत: सँ-दनी, ओबेरव्हिलिए, ला कुर्नव्ह. का? कारखान्यांच्या रिकाम्या जागा, उद्योगांच्या काळापासून पोचलेली भरपूर वीज, रुळांच्या आणि रस्त्यांच्या कडेने गेलेलं फायबर आणि पॅरिसचा शेजार. यादी नीट बघा. जमीन, ऊर्जा, वाहतूक, राजधानी. १८६० मध्ये कारखानदारांनी हीच यादी केली होती. फक्त कोळशाच्या जागी वीज आणि कालव्याच्या जागी केबल.

आम्ही ह्याला 'क्लाऊड' म्हणतो. ढग! वीज गेली तर म्हणून डिझेलचे जनरेटर, खोल्या भरून बॅटऱ्या, गच्चीवर चोवीस तास घोंघावणारे पंखे. ला कुर्नव्हला शेजारचे रहिवासी त्या आवाजावरून कोर्टातही गेले होते. आणि कारखान्यात हजार माणसं लागायची, इथे रात्री पाच. जमीन तेवढीच, पगार मात्र मोजके.

चांगलंही सांगतो. ऑलिंपिकसाठी जुन्या गॅस कंपनीच्या जागेवर जलतरण केंद्र बांधलं. त्याचं पाणी गरम करायला शेजारच्या एका डेटा सेंटरची वाया जाणारी उष्णता वापरतात. गावातली मुलं तिथे पोहतात. इथल्या यंत्रांतून निघालेलं काहीतरी इथल्याच लोकांच्या वाट्याला यावं, ह्याला दीडशे-पावणेदोनशे वर्षं लागली.

हे वाचताना मला ठाणे-बेलापूर रस्ता आठवत होता. त्या पट्ट्यात रासायनिक कारखाने होते, नाक दाबून बस जायची. आता तिथे आयटी पार्क आणि डेटा सेंटर्स आहेत. मी तिथे काही वर्षं नोकरी केली, रोज कंपनीच्या बसने उतरायचो. माझ्या डेस्कखाली आधी काय होतं, हे एकदाही विचारलं नाही. फ्रेंच सहकाऱ्याला हसलो खरा, पण मी तरी काय वेगळा?

राजांची नोंद झाली, थडग्यात असताना आणि खड्ड्यात असतानाही. सँ-दनीच्या चर्चचा उत्तरेकडचा मनोरा वादळाने खिळखिळा झाल्यावर १८४६ च्या सुमारास उतरवला होता, तो आता पुन्हा बांधतायत. २०२५ मध्ये त्याचा पहिला दगड बसला. जुने दगड, जुनी रेखाटनं वापरून. उत्तमच आहे, बांधावा. पण कारखान्याच्या भिंतीमागे काय बनायचं, हे तिथे राबलेल्या माणसाच्या मुलाला सांगता येत नाही. आणि राजांच्या पुतळ्यांपेक्षा ती भिंत कितीतरी अलीकडची आहे.

निघताना त्या रक्षकाला विचारलं होतं, चर्च आतून पाहिलंयस का? म्हणाला, शाळेच्या सहलीत, एकदा. राजांची नावं पाठ करावी लागायची, दोन-तीन अजून आठवतात.

असो. पुढच्या वेळी तुमचा सर्व्हर 'क्लाऊडवर' टाकलात की त्याचा पत्ता एकदा नकाशावर बघा. आणि शेजारी जुनी भिंत असेल, तर कोणाला तरी विचारा.